काकूंना विचारा : पाऊस सरल्यावरची आवराआवर

प्रश्न : आम्ही ठाण्याला असतो. राजापूरजवळचं घर गणपतीनंतर बंद आहे, आता दिवाळीत चार दिवसांसाठी उघडू. भिंतींवर डाग पडलेत, कुबट वास येतो. त्या चार दिवसांत रंग काढून घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

रंगाचा डबा आणूच नका. चार दिवसांत घर झाडून-पुसून होईल, वाळणार नाही. ओल्या भिंतीवर रंग मारलात तर होळीला याल तेव्हा त्याचे पापुद्रे केरसुणीने गोळा कराल. दरवर्षी आमच्या वाडीत कुणी ना कुणी हा उद्योग करतंच आणि नाव दुकानदाराचं खराब होतं.

पोचल्या पोचल्या दारं-खिडक्या उघडा, पडवीला बांधलेले झाप (झावळ्यांचे आडोसे) सोडा आणि कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. गाद्या, उशा, गोदड्या, लाकडी पाट, सगळं उन्हात. आश्विनातल्या उन्हाला लोक नावं ठेवतात, पण त्या उन्हाइतकं काम कुठलीही पावडर करत नाही. भर दुपारी माळ्यावर चढा आणि कौलांकडे बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल सरकलंय किंवा फुटलंय.

मग भिंतीकडे वळा. काळे-हिरवट ठिपके म्हणजे बुरशी. ती कोरड्या कुंच्याने झाडू नका, सगळ्या घरात उडते. नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा. भिंतीच्या पायथ्याशी पांढरं, मिठासारखं फुललेलं दिसलं तर तो लोणा. त्याला उलट पाणी लावायचं नाही. पाण्यात तो विरघळतो आणि पुन्हा भिंतीत शिरतो. कोरड्या ब्रशने खरवडून सुपलीत घ्या आणि बाहेर टाका. लोण्याचं मूळ जमिनीतल्या ओलीत असतं, म्हणून घराला एक फेरी मारा. पागोळ्यांचं पाणी नेमकं भिंतीशी पडतंय का? गडग्याची (दगडी कुंपणाची) माती भिंतीला टेकलीय का? ती ओढून घ्या, पाण्याला उतार काढून द्या. रंगाच्या पैशांत एवढं नक्की होईल. उन्हाळ्यात भिंत खडखडीत वाळली की चुना लावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, प्लॅस्टिक रंगाखाली ती कोंडून राहते.

आणखी एक गोष्ट, तुमच्याबरोबर मुलं येणार असतील म्हणून लिहिते. चिऱ्यांचा (जांभ्या दगडांचा) ढीग, लाकडं, जुनी कौलं हाताने उचलू नका. आधी काठीने हलवा, पायात बूट घाला. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप अशाच दगडाखाली बसतो आणि विंचूही तिथलाच. काही चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, मंत्र घालणं यात वेळ न दवडता सरळ दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हापासून लाल विंचवाने माणसं दगावायचं प्रमाण खूप उतरलं, पण औषध वेळेत पोटात जायला हवं ना!

प्रश्न : चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. शेजारी म्हणतात ॲसिड ओता, नाहीतर जोराच्या फवाऱ्याचा पंप मागवा. – एक वाचक, चिपळूण

दोन्ही नको. जांभा मऊ आणि सच्छिद्र. ॲसिडने तो झिजतो, जोराच्या फवाऱ्याने त्याचे कण सुटतात आणि पुढच्या पावसाळ्यात खड्ड्या-खड्ड्यांत दुप्पट शेवाळ धरतं. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी ब्लीचिंग पावडर कालवा, पायऱ्यांवर शिंपा, वीसेक मिनिटांनी खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. पावडर ताजी हवी, उघड्या पुडीतली निकामी झालेली असते. तुळस जवळ असेल तर तिच्या मुळाशी आधी साधं पाणी भरपूर घाला. विहिरीकडे ओघळ जाऊ देऊ नका. आणि मोरीत ॲसिड ओतलेलं असताना तिथे ब्लीचिंग टाकू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, दाराआडच्या कोंदट मोरीत तो जिवावर बेततो.

प्रश्न : सासूबाई म्हणतात खळं (मातीचं सारवलेलं अंगण) करायचं, नवरा म्हणतो पेव्हर ब्लॉक बसवू. तुमचं मत? – एक वाचक, देवगड

मी सासूबाईंच्या बाजूची, हे आधीच सांगते. पण खळं करणार कोण, हे त्यांनाही विचारा. आमच्याकडे हा प्रश्न सोयीस्करपणे कुणी विचारत नाही. गवत फावड्याने तासायचं, खडे वेचलेली लाल माती पसरून पाणी मारायचं, ती आंबट-ओली असताना चोपण्याने चोपायची, वाळून भेगा पडल्या की पुन्हा चोपायची, मग शेणाने सारवायचं. एकट्या सुनेच्या कमरेवर हे नको, नवऱ्याच्या हातात चोपणं द्या. घाईही नको. परतीचा पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. त्याआधी केलेलं खळं एका सरीत चिखल होतं.

आणि आता शेण मिळतं कुठे? गोठे रिकामे झालेत. मिळत नसेल तर तुळशीपुढचा चौक तेवढा मातीचा ठेवा आणि येण्याजाण्याच्या वाटेवर चिरे बसवा. सबंध अंगण ब्लॉकनी भरलंत तर पावसाचं पाणी मुरण्याऐवजी भिंतीशी येईल. मग ठाण्याच्या वाचकांसारखं तुम्हीही मला लोण्याबद्दल लिहाल.

प्रश्न : बेणलेलं गवत आणि पाचोळा जाळला तर चालेल का? – एक वाचक, गुहागर

नाही. नारळ-पोफळीच्या आळ्यात पसरा, कुजून खत होईल. आंब्याखाली तर काडी ओढूच नका, वरच्या मुळांना धग लागते. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाच्या खोलगट पोया), करवंट्या आणि जुने टायर मात्र आजच उचला. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा काथ्याने आतून घासूनच ठेवा.