लहान बँडसॉवर काप तिरका जातो. महागडे ब्लेड घेऊ का?

५० मिमीचा भरीव गोल बार लहान आडव्या बँडसॉवर (अखंड पट्टीच्या ब्लेडच्या करवतीवर) कापला की काप तिरका जातो, तेव्हा महागडे बायमेटल ब्लेड घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. आधी मशीन कोणत्या दिशेला आणि किती चुकते ते मोजा. ब्लेडचे दुकान कुठे पळून जात नाही.

हे ठामपणे लिहितो, कारण याच तिरक्या कापावरून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामांच्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षे बोलणी खाल्ली आहेत. मी कापलेला जॉब लेथवर चढला की एका बाजूला फेसिंगला (तोंड सपाट करायला) माल उरत नसे. मग मामा स्वतः एक चकती कापत, कडेने चार ठिकाणी व्हर्नियर लावत, चारही मापे सारखी भरत आणि ते सगळ्यांदेखत सांगत, "मशीन सरळ आहे, पोराचा हात वाकडा आहे." मापापुढे मी काय बोलणार?

खोट मापात नव्हती, चकती काढण्याच्या रीतीत होती. बार न फिरवता घेतलेले दोन्ही काप एकाच बाजूला तितकेच कलतात, म्हणून चकतीची तोंडे समांतर राहतात आणि कितीही वाकडे कापणारे मशीन या परीक्षेत पास होते. एका दुपारी मामा जेवायला गेल्यावर मी एक काप घेतला, बारच्या माथ्यावर खडूने खूण केली, बार जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून खूण खाली आणली आणि मग चकती उतरवली. ती खुणेपाशी १०.२ मिमी आणि समोर ११.८ मिमी भरली. या रीतीत चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरा तिरकेपणा ०.८ मिमी होता.

असा फरक आडवा आला तर वाइसचा (बार आवळणाऱ्या शिकंजाचा) न सरकणारा जॉ ब्लेडशी काटकोनात नसतो, तो सरळ करणे सोपे आहे. आमचा फरक वर-खाली होता, म्हणजे ब्लेडच टेबलाशी काटकोनात नव्हते. प्लग काढून मी ब्लेड धरणारा आर्म खाली आणला, टेबलावर गुण्या उभा करून ब्लेडच्या अंगाला टेकवला (दातांना टेकवू नये, त्यांचा सेट, म्हणजे दोन्हीकडे झुकलेली ठेवण, फसवतो), तर फटीतून उजेड दिसला. ब्लेडला सरळ धरणाऱ्या दोन्ही गाइडचे बोल्ट सैल करून गाइड केसभर फिरवली, ब्लेड नीट ताणले आणि सरकते गाइड बारच्या अगदी जवळ आणले. पुढच्या चकतीत फरक ०.२ मिमी उरला, आणि त्याच्या निम्मी चूक फेसिंगमध्ये सहज निघून जाते. दोन्ही चकत्या पाहून मामा एवढेच म्हणाले, की व्हर्नियर बिघडला असेल. तो व्हर्नियर आजही माझ्या खणात आहे आणि बरोबर चालतो.

आता ब्लेडचे. एका बाजूचे दात बोथट झाले असतील तर गाइड कितीही जुळवली तरी काप भरकटतो, आणि तेव्हा नवे ब्लेड घ्यावेच लागते. तुमच्या भरीव बारला इंचाला ५ ते ८ दात ठीक, बारीक दातांत चिप (धातूचा कीस) अडकतात. आर्म हाताने दाबून काम उरकले तरीही ब्लेड वाकते. मी तेव्हा घाईत आर्म दाबत असे, हे मामांना अजून सांगितलेले नाही.