उरलेल्या २८ दिवसांचं काम

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, रात्री परत ऐकला. ऑफर टेक्सास मिलिटरी डिपार्टमेंटची, जागा ऑस्टिनला कॅम्प मॅब्रीत, काम फॅसिलिटीजचं, म्हणजे इमारतींच्या देखभालीचं, आणि तू विचारतेस, काका, सिव्हिलमध्ये मास्टर्स करून मी काय आर्मऱ्यांची, म्हणजे सैनिक जिथे सरावाला जमतात आणि शस्त्रं ठेवतात त्या इमारतींची, गळकी छपरं मोजत बसू? हा प्रश्न तुझा नाहीये, तुझ्या रूममेट्सचा आहे, त्या डेटा सेंटरचे पगार सांगतात आणि तुझं डोकं फिरतं. तुला सरकारी पैशाची चाड आहे, सैनिकाबद्दल काय वाटतं तेही मला माहितीये, त्यामुळे पाठ थोपटण्यात वेळ घालवत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, कारण तुझ्या बाबांनीही मला फोनवर हेच विचारलं की राज्याचं कसलं सैन्य? आपल्याकडे सेना केंद्राची, महाराष्ट्र सरकारकडे पलटण नाही. इथे अमेरिकेत नॅशनल गार्ड नावाची सेना राज्य आणि केंद्र दोघांची असते. शांततेत ती गव्हर्नरच्या हाताखाली, तिचा प्रमुख ॲडज्युटंट जनरल, आणि देशाला लागली की राष्ट्राध्यक्ष तिला बोलावतात. आर्मी रिझर्व्ह वेगळी, ती पूर्ण फेडरल, म्हणजे केंद्राची. टेक्सासच्या डिपार्टमेंटकडे आर्मी गार्ड, एअर गार्ड, आणि शिवाय टेक्सास स्टेट गार्ड आहे, ती फक्त राज्याची, स्वयंसेवकांची, तिला परदेशात पाठवता येत नाही. आणि हे सगळे बहुतेक अर्धवेळ लोक. नर्स, ट्रक ड्रायव्हर, शिक्षक, कॉलेजची पोरं. नॅशनल गार्डवाले महिन्यातून एक वीकेंड ड्रिलला, म्हणजे सरावाला, येतात आणि वर्षातून साधारण पंधरा दिवस ट्रेनिंग.

म्हणजे महिन्यातले दोन दिवस सैनिकाचे. बाकीचे २८ दिवस कुणाचे? ते तुझे.

हेच मी इतकी वर्षं ओरडून सांगतोय. शनिवारी सकाळी तो माणूस शंभर-दीडशे मैल गाडी हाकत येतो, आठवडाभराची नोकरी करून, लेकरांना घरी सोडून. त्याच्या हातात दोन दिवस आहेत. त्यातला एक तास जरी संडास तुंबलाय, एसी बंद आहे, शस्त्रांच्या खोलीचा अलार्म चालत नाहीये यात गेला तर तो तास गेलाच, सोमवारी भरून काढू असं म्हणता येत नाही कारण सोमवारी तो सैनिक नसतो. त्याची तयारी २८ दिवसांत घडते किंवा बिघडते, आणि ती घडवणारे वर्दीतले नसतात, तुझ्यासारखे सिव्हिलियन असतात.

हार्वे चक्रीवादळ आठवतंय? २५ ऑगस्ट २०१७ ला टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकलं, आणि दोन-तीन दिवसांत गव्हर्नरनी राज्याची सगळी गार्ड, सुमारे १२,००० माणसं, बोलावली. एवढ्या लोकांना जमायला इमारत लागते, वीज लागते, डिझेल लागतं, ट्रक लागतात, झोपायला कोरडी जमीन लागते. वादळ आल्यावर छप्पर दुरुस्त करत नाहीत ग. ते मार्चमध्ये केलेलं असतं, कुणाचंही लक्ष नसताना, कुणीतरी टेंडर काढून, ठेकेदाराच्या मागे लागून, बिल पास करून.

पैशाचं वाचताना तुला कंटाळा येईल, पण खरी हुशारी तिथेच लागते. राज्य आणि नॅशनल गार्ड ब्युरो, म्हणजे गार्डचं केंद्रातलं ऑफिस, यांच्यात मास्टर कोऑपरेटिव्ह अग्रीमेंट असतं, खर्च कुणी किती करायचा त्याचा करार. इमारत कुणाच्या जमिनीवर, वापर कशासाठी, त्यावर हिस्सा ठरतो, काही ठिकाणी देखभाल निम्मी-निम्मी, काही ठिकाणी फेडरल ७५ टक्के, काही ठिकाणी पूर्ण १००. बहुतेक वेळा राज्य आधी खर्च करतं आणि मग फेडरलकडून परत मागतं. प्रत्येक राज्यात एक युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी अँड फिस्कल ऑफिसर बसलेला असतो, फेडरल पैसा आणि मालमत्ता याचा हिशेब तो ठेवतो. आता बघ, फेडरल वर्ष १ ऑक्टोबरला सुरू, टेक्सासचं १ सप्टेंबरला, आणि टेक्सासची विधानसभा नियमित भरते ती दोन वर्षांतून एकदा, १४० दिवस. म्हणजे राज्याचा हिस्सा तू दोन वर्षं आधी मागायचा आणि फेडरल हिस्सा कधी येईल ते वॉशिंग्टनला माहीत. राज्याचा २५ टक्के हाताशी नसेल तर फेडरलचा ७५ असून नसल्यासारखा. ऑक्टोबर २०१३ ला खर्चाला मंजुरी न मिळाल्याने फेडरल सरकार १६ दिवस बंद पडलं, त्यालाच शटडाउन म्हणतात, तेव्हा कितीतरी राज्यांत ड्रिल पुढे ढकलावं लागलं होतं. इमारती मात्र तिथेच उभ्या, पाऊस काही शटडाउन बघून पडत नाही.

हे जमवणं म्हणजे इंजिनियरिंग नाही असं ज्याला वाटतं त्याला इंजिनियरिंग कळलेलं नाही, एवढंच म्हणतो.

आणि दुर्लक्ष केलं की काय होतं तेही ऐक. जुन्या आर्मऱ्यांत इनडोअर फायरिंग रेंज असायच्या. रेंज बंद झाल्या पण शिशाची धूळ राहिली, आणि त्याच इमारतींचे हॉल लोकांना समारंभाला, मुलांच्या कार्यक्रमांना दिले जात होते. २०१६ मध्ये ओरेगोनियन वर्तमानपत्राने हे देशभरचं प्रकरण बाहेर काढलं, शेकडो आर्मऱ्या निघाल्या. धूळ कुठल्या एका ड्रिलच्या वीकेंडला साचली नव्हती. २८ दिवस, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं साचली, आणि झाडणाऱ्याने कागदावर टिक केलं.

टिकमार्कवरून माझं सांगतो. मी दुसऱ्या राज्यात याच कामात होतो, त्याचं नाव इथे नको. आमच्याकडे स्टँडबाय जनरेटर दर महिन्याला नुसते सुरू करून बंद करायचे, लोड न देता. मी म्हणालो इमारतीचा लोड टाकून तपासा, पूर्ण वेळ चालवा. वरचे म्हणाले फॉर्ममध्ये तेवढं मागितलेलं नाही. मी फॉर्मवर सही करायला नकार दिला, आणि पुढेही देत राहिलो. माझ्यावर हेकट असा शिक्का बसला, माझ्यानंतर आलेले वर गेले, मी त्याच टेबलावर. तुझी काकू अजून म्हणते थोडं नमतं घेतलं असतंस तर? मला नाही पटत. ज्या इमारतीत पुराच्या रात्री चाळीस माणसं झोपणार तिथला जनरेटर खरंच चालतो का हे मला माहीत नसताना मी सही करायची? आजही नाही करणार. बढती मिळाली असती तर बरं झालं असतं, मुलीच्या फीच्या वर्षी तर फारच, पण सही नाही म्हणजे नाही.

खंत मला वेगळ्याच गोष्टीची आहे. मला स्वतःला गार्डमध्ये जायचं होतं. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा वयाची मर्यादा उलटून गेली होती. मग मी त्यांच्या इमारती धरून बसलो, घट्ट, कदाचित जरा जास्तच घट्ट. तू सिटिझन आहेस, तुझं वय आहे, मनात असेल तर तोही दरवाजा उघडा आहे. पण वर्दी घातली तरच देशाचं काम, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. ३६वी इन्फंट्री डिव्हिजन टेक्सासची, गावोगावच्या आर्मऱ्यांत ड्रिल करणारी पोरं, नोव्हेंबर १९४० मध्ये फेडरल सेवेत घेतली आणि सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरली. त्याच इटलीत पुढच्या जुलैत आपल्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅम्प मॅब्रीतच म्युझियम आहे, पहिल्या आठवड्यात जा, ३६व्या डिव्हिजनचं सगळं बघ. आणि बघताना विचार कर की १९३०च्या दशकात त्या आर्मऱ्यांच्या किल्ल्या कुणाकडे होत्या.

डेटा सेंटरवाले जास्त पैसे देतील, देऊ देत, मी नाही म्हणत नाही. तुझ्यावर कर्ज आहे हे मला माहीत आहे आणि ते फेडायचंच आहे, त्यामुळे पैशासाठी तिकडे गेलीस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण हे काम हलकं आहे म्हणून गेलीस तर मला राग येईल, खरंच येईल.

हो म्हणायच्या आधी त्यांना एवढं विचार. रखडलेल्या दुरुस्त्यांची यादी किती जुनी आहे आणि त्यातल्या कुठल्या इमारतींवर राज्याचा हिस्सा अडकलाय. कॅम्प स्विफ्ट, कॅम्प बोवी अशा ट्रेनिंग साइट्सवर तुला जायला मिळणार का, की ऑस्टिनला बसून फोटो बघायचे. ड्रिलच्या शनिवारी तू तिथे हजर राहिलीस तर कुणाला अडचण आहे का, आणि याचं उत्तर अडखळत आलं तर मला लगेच कळव. आणि ज्या फॉर्मवर तुझी सही लागणार तो आधी मागून घे, पूर्ण वाच, मग रविवारी फोन कर, दुपारनंतर कर, सकाळी मी देवळात असतो.

तुझा,
काका