बीटलज्यूस तारा फुटला तर पृथ्वीवरचं जीवन संपेल का?

नाही, बिलकुल नाही. तुम्ही लिहिलंय की बीटलज्यूसवरच्या एका व्हिडिओत "कधीही फुटेल" असं ऐकून घरातली मुलं घाबरलीत, आणि फुटण्याआधी कळेल का असंही विचारलंय, तर त्यांना आधी हे सांगा की ताऱ्यांच्या बाबतीत "कधीही" म्हणजे आज रात्रीपासून पुढची लाखभर वर्षं यातलं काहीही. 2019च्या शेवटी तो एकदम मंद पडला होता तेव्हाही अशाच बातम्या आल्या होत्या, पण ताऱ्यानेच बाहेर फेकलेला गॅस थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती मध्ये आडवी आली, एवढंच होतं ते.

खरा प्रश्न अंतराचा आहे. सुपरनोव्हातून, म्हणजे ताऱ्याच्या अशा महास्फोटातून निघणारे गॅमा आणि एक्स-रे वातावरणात नायट्रोजन ऑक्साइड तयार करतात, ते ओझोन खातात आणि मग सूर्याचीच अतिनील किरणं आपल्याला भाजायला लागतात. पण त्यासाठी स्फोट ढोबळमानाने 30 ते 50 प्रकाशवर्षांच्या आत व्हायला लागतो आणि तेवढ्या जवळ फुटण्याजोगा एकही तारा आपल्याला माहीत नाही. बीटलज्यूस म्हणजे मृगातला तो तांबूस काक्षी, पाचशेच्या वर प्रकाशवर्षं लांब आहे. फुटला तर साधारण अर्ध्या चंद्राएवढा उजेड पडेल, काही महिने दिवसासुद्धा दिसेल, बाकी काही नाही.

आणि मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे जवळपासच्या सुपरनोव्हाची राख पृथ्वीवर खरंच पडलेली आहे आणि ती सापडलीय! ती ओळखली लोह-60वरून, हा लोखंडाचा एक किरणोत्सारी प्रकार, त्याचं अर्धायुष्य 26 लाख वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच उरतं, त्यामुळे पृथ्वी जन्मली तेव्हाचं असतं तर कधीच संपून गेलं असतं, जे आज मिळतं ते नंतर बाहेरूनच आलेलं. प्रशांत महासागराच्या तळाशी लोह-मँगनीजचा एक कठीण थर असतो जो दहा लाख वर्षांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वाढतो, जर्मनीतल्या म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी तो पातळ पातळ खरवडून अॅक्सिलरेटरवर एकेक अणू मोजला तर साधारण 20 ते 30 लाख वर्षांपूर्वीच्या थरात हे लोखंड मिळालं. अपोलोने आणलेल्या चंद्राच्या मातीतही मिळालं. मग त्यांनी अंटार्क्टिकाहून 500 किलो ताजा बर्फ गोठलेल्या अवस्थेतच म्युनिकला नेला, वितळवून गाळला, तर त्यातही मोजके अणू निघाले, म्हणजे ही धूळ अजूनही पडतेय. ते जुने स्फोट काहीशे प्रकाशवर्षांवर झाले असावेत असा अंदाज आहे आणि त्या काळात आफ्रिकेत आपले पूर्वज फिरत होते, ते टिकले म्हणून तर आपण आहोत. त्यामुळे मुलांना घाबरवणाऱ्या त्या व्हिडिओवाल्यांचा मला खरंच राग येतो.

राहिला प्रश्न "आधी कळेल का" हा. कळेल, पण थोडंच आधी. ताऱ्याचा गाभा कोसळला की न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण लगेच सुटतात, उजेड मात्र स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचल्यावर. 23 फेब्रुवारी 1987ला हेच झालं, 1,68,000 प्रकाशवर्षांवरच्या सुपरनोव्हाचे न्यूट्रिनो जपानच्या कामिओकांदे डिटेक्टरमध्ये उजेडाच्या काही तास आधी पोचले होते, फक्त ते डेटा नंतर तपासल्यावर कळलं. आता जगभरचे असे डिटेक्टर स्न्यूज नावाच्या अलर्ट सिस्टीमला जोडलेत, ईमेल देऊन आपणही नाव नोंदवू शकतो. मुलांना आकाशाची आवड असेल तर नक्की नोंदवा.