वहीतला दुसरा रॅप

ताई, सप्रेम नमस्कार.

वसईहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. बारावी कॉमर्सला असलेला आपला मुलगा नाताळात चर्चच्या सभागृहात येशूवरचा रॅप म्हणतो तेव्हा सगळे कौतुक करतात. मात्र त्याच वहीच्या मागच्या पानांवर पाण्याच्या टँकरवर आणि नाक्यावरच्या मारामारीवर रचलेल्या ओळी सापडल्यावर आपण हबकलात, आणि त्याने फक्त देवाचेच गावे की हा नादच सोडावा, असे विचारता.

तो दिवसभर ज्याला ऐकतो, त्या लेक्रे या अमेरिकी रॅपरचेच उदाहरण घेऊ. २००४ मध्ये त्याने भागीदारीत ‘रीच रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली, ‘ग्रॅव्हिटी’ या त्याच्या अल्बमला २०१३ मध्ये गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत विभागाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि २०१४ मध्ये ‘अनॉमली’ हा अल्बम थेट ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बमच्या मुख्य यादीत पहिला आला. तरीही ‘ख्रिस्ती रॅपर’ ही पाटी त्याला जाचतच राहिली. पोलिसांच्या हातून मेलेल्या कृष्णवर्णीयांविषयी तो बोलू लागताच अनेक गोऱ्या ख्रिस्ती चाहत्यांनी पाठ फिरवली. म्हणजे श्रद्धेने जे श्रोते दिले, त्यांतल्याच काहींनी त्याच्या विषयांना कुंपण घालू पाहिले. त्यातून तो टिकला याचे एक कारण, माझ्या मते, कंपनीत त्याची स्वतःची मालकी होती हे आहे.

मेस या रॅपरने उलटी वाट धरली. १९९७ मध्ये पहिलाच अल्बम अव्वल ठरलेला असताना त्याने १९९९ मध्ये धर्मकार्यासाठी संगीत सोडले, आणि २००४ मध्ये तो नव्या अल्बमसह परतला. त्याच्या निर्णयाला मी नावे ठेवणार नाही. पण नाव कमावलेल्याने स्वतःहून सोडणे वेगळे आणि हाती काहीच नसलेल्या मुलाला घरच्यांनी सोडायला लावणे वेगळे.

तेव्हा वही एकच राहू द्यावी. बी.कॉम. मात्र त्याने पूर्ण करावे, आणि ते केवळ ‘हाताशी काहीतरी असावे’ म्हणून नव्हे: रॅपमध्ये शब्द हाच माल असतो आणि नवखी मुले तो करार न वाचताच देऊन टाकतात. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराच्या रॉयल्टीला संरक्षण दिले आहे. गाणी प्रसिद्ध होऊ लागली की गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘आयपीआरएस’ या संस्थेच्या सदस्यत्वाची चौकशी त्याने करावी.

टँकरवरचा तो रॅप फादरांच्या कानावर घालण्याआधी एकदा आपण स्वतः त्याच्या तोंडून पूर्ण ऐकावा.