दहा वर्षांची सरासरी कमाई धरून एकट्या कंपनीचा शेअर जोखता येतो का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. शिलर पी-ई, म्हणजे भाव भागिले मागच्या दहा वर्षांची महागाई जमेस धरून काढलेली सरासरी कमाई, सेन्सेक्ससारख्या बाजाराच्या निर्देशांकासाठी वापरतात. तो एकट्या कंपनीला लावला तर चालतो का, हा पहिला. तुमच्या स्टील कंपनीचा नेहमीचा पी-ई, म्हणजे भाव भागिले एकाच वर्षाची कमाई, तेजीत ६ होता आणि या हिशोबाने तेव्हाच १९ निघतो, मग खरा कुठला, हा दुसरा. आणि साबण-बिस्किटं विकणारी तुमची लाडकी कंपनी ४० ऐवजी ६३ पट दिसायला लागली, ती विकून टाकू का, हा तिसरा.

पहिल्याचं उत्तर: चालतो. पण भागाकार हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. दहा वर्षांपूर्वीची कंपनी आणि आजची कंपनी एकच आहे का, हे तपासण्यात खरा वेळ जातो. मी फोर्टमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढली. ताळेबंद मी पंगतीत बसून नाही, स्वयंपाकघरातून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती. २००७ च्या दिवाळीनंतर मी एका धातूच्या कंपनीचे शेअर घेतले. पी-ई पाचच्या जरा वर. एवढं स्वस्त, आणि बाकीचे लोक काय झोपलेत का, असं वाटलं होतं. पैसे स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी बाजूला काढलेले होते, ग्रॅनाइट बसवायचा होता. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० ला शिवला, ऑक्टोबरात ८,००० च्या खाली गेला, आणि माझ्या शेअरचा भाव पाचाचा एक झाला. ओटा अजून कडप्प्याचाच आहे, एक कोपरा उडालेला. पाहुणे आले की बायको तो कोपरा दाखवते आणि म्हणते, "हा यांचा मेटलचा शेअर."

चूक साधी होती. छत्र्या विकणाऱ्याचा जुलैचा गल्ला बघून कोणी दुकानाची पागडी ठरवत नाही. मी नेमकं तेच केलं. स्टील, सिमेंट, साखर, रसायनं, जहाजं या धंद्यांत पी-ई सगळ्यात लहान दिसतो तो कमाई शिखरावर असताना. टाटा स्टीलचे जाहीर एकत्रित आकडे बघा: २०२१-२२ चा नफा सुमारे ४१,७०० कोटी, पुढच्या वर्षी सुमारे ८,००० कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे ४,९०० कोटींचा तोटा. मार्च २०२२ मध्ये भाव त्या वर्षीच्या कमाईच्या जेमतेम चौपट होता. पुढे भाव नफ्याइतका कोसळला नाही, कारण तो नफा टिकणारा आहे असं बाजाराने मुळी धरलंच नव्हतं. पी-ई चारवर होता तो त्यामुळेच. बाजार मनातल्या मनात सरासरीच काढत होता. आपण ती कागदावर काढायची, एवढंच.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ग्रॅहॅम आणि डॉड या गुंतवणुकीवर लिहिणाऱ्या जोडीने १९३४ मध्येच सांगितलं होतं की एका वर्षाच्या कमाईवर विसंबू नका, किमान पाच, शक्यतो सात ते दहा वर्षांची सरासरी घ्या. १९२९ ची तेजी आणि नंतरची मंदी, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली. महागाई जमेस धरून दहा वर्षांचा हिशोब अख्ख्या बाजाराला लावला तो कॅम्पबेल आणि शिलर या अर्थतज्ज्ञांनी, १९८८ मध्ये. हे दोघं बाजाराबद्दल बोलत होते. ग्रॅहॅम मात्र एकेका कंपनीबद्दलच बोलत होता, म्हणून तुमची कल्पना काही वावगी नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब. आकडे माझे, कल्पित, पण वळण धातुकंपनीचंच आहे. २०१५-१६ पासून दर शेअरची कमाई अशी धरा: ४ रुपये तोटा, मग ६, १४, १८, ५, १२, ४८, २२, १६ आणि २०२४-२५ मध्ये २० रुपये. साधी सरासरी १५ रुपये ७० पैसे. पण २०१५-१६ चा रुपया आणि २०२४-२५ चा रुपया एक नव्हे. किरकोळ महागाईचा निर्देशांक, २०१२ ला १०० धरलेला, या काळात वार्षिक सरासरीने साधारण १२५ वरून १९२-१९३ वर गेला. म्हणजे २०१५-१६ चा रुपया २०२४-२५ च्या १ रुपया ५४ पैशांबरोबर. प्रत्येक वर्षाची कमाई अशी फुगवून घेतली, तोट्याचं वर्षसुद्धा, की सरासरी येते १८ रुपये ७० पैसे. जवळजवळ एकोणीस टक्क्यांचा फरक. आपल्याकडे या काळात महागाई पाच टक्क्यांच्या आसपास राहिली आणि दहा वर्षांच्या सरासरीचा मध्य साडेचार वर्षं मागे पडतो, म्हणून हा फरक येतोच. महागाई न धरता सरासरी काढणारे आपल्या कंपनीवर उगाच अन्याय करतात.

शेअर ३४० रुपयांना असेल तर चालू पी-ई १७ आणि सरासरीवर १८. भांडण नाही. पण हीच कंपनी २०२१-२२ मध्ये २९० ला मिळत होती असं धरा. कमाई ४८, पी-ई ६. त्या वर्षापर्यंतची सात वर्षं तेव्हाच्या रुपयांत आणून सरासरी काढली तर १५ रुपये आणि वर काही पैसे, म्हणजे भाव १९ पट. तुमचा ६ आणि १९ चा घोळ तो हाच. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ६ हा जुलैचा गल्ला, १९ हा वर्षभराचा.

इथे तुमच्या हिशोबातली एक चूक दाखवतो, कारण ती पुष्कळ जण करतात. तुम्ही महागाईसाठी इन्कम टॅक्सचा तो निर्देशांक घेतलाय, कॅपिटल गेनसाठी, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यासाठी, वापरायचो तो. सोपा असतो, वर्षाला एकच आकडा, तक्ता पाठ झालेला. २०१५-१६ ला २५४, २०२४-२५ ला ३६३. भागून बघा: १.४३. किरकोळ महागाईने १.५४ येतं. फरक का? कारण तो निर्देशांक मुळातच शहरी किरकोळ महागाईच्या फक्त पंचाहत्तर टक्के धरून बांधलेला आहे, तोही आदल्या वर्षाच्या. करदात्याला पूर्ण सूट द्यायची सरकारची इच्छा नव्हती, ते ठीक. पण आपल्या हिशोबात तो अर्धपोटी निर्देशांक कशाला? घाऊक निर्देशांकही नको. कंपनी स्टील घाऊक विकत असेल, पण लाभांशाचे पैसे घेऊन तुम्ही भाजी किरकोळ भावानेच आणता.

आता साफसफाई. यात रविवारची दुपार जाते. स्क्रीनर नावाच्या वेबसाइटवर दहा वर्षांचे आकडे एका पानावर मिळतात, ते सुरुवातीला बरे. पण मग बीएसईच्या साइटवरून त्या त्या वर्षाचा वार्षिक अहवाल उतरवा आणि 'अपवादात्मक बाबी' ही ओळ शोधा. मुंबईच्या जुन्या कंपन्यांत तर ही ओळ सोन्याची खाण असते. बॉम्बे डाइंगने वरळीची जमीन सुमारे ५,२०० कोटींना विकायचा करार २०२३ मध्ये केला. त्या वर्षीचा नफा बघून कोणी म्हणेल की चादरी काय विकल्या जातायत! जमीन एकदाच विकता येते. असा नफा कमाईतून काढा आणि हवं तर शिल्लक रोकड म्हणून वेगळा मोजा.

उलट बाजूने, कारखाना बंद केला, परदेशातली कंपनी बुडीत काढली, असले तोटे 'अपवादात्मक' म्हणून दर दोन-तीन वर्षांनी येत असतील तर ते काढू नका. दर गणपतीला येणारा पाहुणा अपवाद कसा? कोविडचंही तेच. पुष्कळ जण २०२०-२१ गाळतात, "ते वर्ष खरं नव्हतं" म्हणून. मग २०२१-२२ ची चंगळही गाळा. वाईट वर्षं येतातच, म्हणून तर आपण सरासरी काढतोय.

बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे केलेले अनेक शेअर) सांभाळा. टाटा स्टीलच्या एका शेअरचे जुलै २०२२ मध्ये दहा झाले. जुन्या अहवालातली कमाई तशीच उचललीत तर सगळा हिशोब दसपट चुकेल. स्क्रीनर हे जुळवून देतो, छापील अहवाल देत नाही.

कराचं मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सप्टेंबर २०१९ पर्यंत मोठ्या कंपन्यांचा कर सेस-अधिभार धरून ३५ टक्क्यांच्या आसपास होता. नंतर सवलती सोडून नवा दर घेणाऱ्यांचा २५.१७ झाला. शंभर रुपये करपूर्व नफ्यातून आधी ६५ उरायचे, आता ७५. म्हणून मी २०१९ च्या आधीची वर्षं करपूर्व नफ्यापासून सुरू करतो आणि कर आजच्या दराने वजा करतो. कंपनी त्या नव्या दरात गेली आहे की नाही, ते टॅक्सच्या टिपेत लिहिलेलं असतं. २०१६-१७ च्या सुमारास हिशोबाचे नियमही बदलले, इंड-एएस आलं. त्या एका वर्षाचे जुने आणि नवे असे दोन्ही आकडे मिळतात, त्यांवर नजर टाका. फार फरक नसेल तर पुढे चला.

कंपनीच बदलली असेल तर? १ जुलै २०२३ ला गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली. त्याआधीची आणि नंतरची बँक एका रांगेत मांडून सरासरी काढण्यात फारसा अर्थ नाही. तुमच्या स्टीलवाल्यांनीही मधे क्षमता दुप्पट केली आहे, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी मी कमाईची नाही, भांडवलावरच्या परताव्याची सरासरी काढतो. दहा वर्षांत निव्वळ मालमत्तेवर दर वर्षी किती टक्के कमावले ते लिहा, सरासरी काढा, आणि आजच्या पुस्तकी किमतीला, म्हणजे दर शेअरमागच्या निव्वळ मालमत्तेला लावा. वरच्या कल्पित कंपनीची पुस्तकी किंमत १९० रुपये आणि सरासरी परतावा ११ टक्के असेल तर कमाई २१ च्या आसपास येते, १८.७० नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि खालचा धरून भाव ठरवतो. हे भित्रेपणाचं आहे, मान्य. कडप्प्याचा कोपरा समोर असतो ना.

आता साबण-बिस्किटं. इथे मला तुम्हाला अडवायचं आहे. समजा कंपनीची कमाई महागाई वजा जाता दर वर्षी १२ टक्के वाढली. आज ती शंभर असेल तर मागच्या दहा वर्षांची सरासरी येते ६३. झालं, ४० भागिले ०.६३, म्हणजे ६३ पट. तुमचा आकडा इथूनच आला. हा ६३ 'महाग' म्हणत नाही, फक्त 'वाढली' म्हणतो. महाग आहे की नाही, हा प्रश्न ४० लाच विचारावा लागेल: पुढची दहा वर्षं तशीच वाढ होणार का? कमाईत चढउतार नसलेल्या, सरळ चढत गेलेल्या कंपनीला दहा वर्षांची सरासरी लावणं म्हणजे पोराची उंची पहिलीपासूनच्या सरासरीने मोजणं. या आकड्यावरून विकू नका. दुसऱ्या कारणाने विकायची असेल तर वेगळं बोलू.

बाजाराच्या निर्देशांकात हे दोष एकमेकांना झाकतात. एक बुडते, दुसरी वर येते, बुडालेली यादीतून जाते. एकट्या कंपनीला हे कवच नाही; ती दहा वर्षांची छान सरासरी दाखवत अकराव्या वर्षी कर्जात जाऊ शकते. म्हणून हिशोबाला बसण्याआधी कर्ज बघा. व्याज भागवायला मंदीच्या वर्षातली कमाई पुरली होती का? पुरली नसेल तर सरासरी काढायचा त्रास घेऊ नका.

शेवटचा मुद्दा एफडीचा. तुम्ही १८ पट उलटी करून (१०० भागिले १८) साडेपाच टक्के काढले आणि एफडी सात देते म्हणून शेअर महाग ठरवला. तुलना तशी नाही होत. कमाई आपण आजच्या रुपयांत आणली आहे, तेव्हा ते साडेपाच महागाईच्या वरचे. एफडीचे सात महागाईसकट. मात्र स्टील-सिमेंटमध्ये त्या साडेपाचातूनही थोडं कापा. घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेचा खर्च, जुन्या किमतीवर निघतो, भट्टी मात्र नव्या किमतीला बांधावी लागते, त्यामुळे नफा दिसतो त्याहून कमी असतो. मी साधारण एक टक्का कापतो. शास्त्र काही नाही, सवय.

तर आधी महागाईच्या निर्देशांकाचा कॉलम बदला, २०१९ आधीचा कर दुरुस्त करा, आणि २०१७-१८ चा अहवाल पुन्हा उघडा. तुमच्या आकड्यांत त्या वर्षी कमाईने घेतलेली उडी मला जास्त वाटते. अपवादात्मक बाबींखाली काय लिहिलंय ते इथे टाका, मग पुढे बघू.