साहेब मागच्या रांगेत असताना

प्रश्न : मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवतो. आमच्याकडे क्लिकरचा संच आला आहे. मी पडद्यावर प्रश्न दाखवतो, प्रशिक्षणार्थी बटण दाबतात आणि कुठल्या पर्यायाला किती मतं पडली याचा आलेख उमटतो. सुरुवातीला फार उत्साह होता. आता मंडळी प्रश्न पुरता न वाचताच बटण दाबून मोकळी होतात. वर्गात शिपाई, हवालदार, फौजदार सगळे एकत्र असतात आणि मागे बहुधा एखादे वरिष्ठ बसलेले असतात. कुणी काय दाबलं याची नावनिशी यादी रोज द्या, असा त्यांचा आता आग्रह आहे. हे यंत्र खरंच उपयोगाचं आहे की नुसता खेळ?

उत्तर : उपयोगाचं आहे. ती यादी मात्र देऊ नका. का, ते सांगते.

मीही बरीच वर्षं पोलिसांना शिकवलं आहे. त्या वर्गात हात वर करायला सांगितले की ते एकदम कधीच वर येत नाहीत. आधी फौजदाराचा येतो, मग हवालदारांचे, आणि मग इकडेतिकडे बघून उरलेल्यांचे. शेवटी सगळ्यांचं एकमत दिसतं आणि नवख्या प्रशिक्षकाला वाटतं, वा, विषय समजला! सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे साधे प्रयोग केले. खोलीतले बाकीचे लोक त्यानेच पढवून ठेवलेले होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देत. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही खऱ्या सहभागींनी सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांची री ओढली. उत्तर मोठ्याने न सांगता गुपचूप लिहायला दिलं, तेव्हा हे प्रमाण बरंच खाली आलं. तिथे तर कुणी कुणाचा वरिष्ठही नव्हता. तुमच्या वर्गात शेजारी बसलेला माणूस उद्या ड्युटी लावणार असतो.

माझा एक ठरलेला प्रश्न होता. सहकाऱ्याने आरोपीला पालथा पाडलंय, हातकड्या पडल्यात, तरी सहकारी पाठीवरून उठत नाही. इतका वेळ धडपडणारा आरोपी एकाएकी शांत होतो. सहकारी तुमच्यापेक्षा वरिष्ठ आहे. तुम्ही काय कराल? हात वर करायला लावले की सगळेच म्हणत, ‘साहेबांना बाजूला व्हायला सांगू’. हाच प्रश्न क्लिकरवर, नाव न कळू देता विचारला तेव्हा बरीच मतं ‘साहेब बघून घेतील’ या पर्यायावर पडली. आलेख बघून वर्ग चिडीचूप. मला तेच हवं होतं. पालथ्या माणसाच्या पाठीवर दाब राहिला तर श्वास कोंडतो. तो शांत झाला म्हणजे वठणीवर आला असं धरणं जीवघेणं ठरू शकतं. त्याला तत्काळ कुशीवर वळवून श्वास तपासावा लागतो. हे सगळ्यांना पाठ होतं. अडत होतं ते साहेबांना सांगण्यापाशी. मग उरलेला तास आम्ही तेवढंच बोललो : नेमके कुठले शब्द वापरायचे, खांद्याला हात लावायचा का, साहेब ओरडले तर पुढे काय.

नावनिशी यादी गेली की असला आलेख पुन्हा दिसणार नाही. पोलीस माणसाला ‘अपेक्षित’ उत्तर ओळखायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा क्लिकर टोपलीत ठेवा, ज्याने त्याने हाताला येईल तो उचलावा आणि कुणी कुठल्या क्रमांकाचा घेतला याची नोंद करू नये. सॉफ्टवेअरमध्ये निनावी मतदानाची सोय असेल तर ती चालू ठेवा. हुद्द्यानुसार उत्तरं वेगळी काढून दाखवण्याचा मोहही टाळा. वर्गात दोनच फौजदार असले तर त्यात निनावी काय राहिलं? आणि मतदान चालू असताना आलेख झाकून ठेवा. पडद्यावर एक पट्टी वाढताना दिसली की उरलेली बोटं तिकडेच वळतात.

वरिष्ठांना आकडे हवेच असतील तर कलमं आणि कार्यपद्धती यांची वेगळी परीक्षा घ्या, नावासकट. त्यात काही गैर नाही. आणि निनावी प्रश्न चालू असताना त्यांच्याही हातात एक क्लिकर द्या.

आता न वाचता बटण दाबण्याबद्दल. तुमचे प्रश्न मी पाहिलेले नाहीत, पण ‘पुरावा जपणे महत्त्वाचे आहे काय?’ या घराण्यातले असतील तर मंडळींचं काही चुकत नाही. असं विचारून बघा : रक्ताने ओला शर्ट सापडलाय, तो कशात ठेवाल? हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत, की वाळवून कागदी पाकिटात? हमखास मतं फुटतात, कारण पिशवी हाताशी असते आणि नीटनेटकीही दिसते. पण ओलं कापड प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

मतं फुटली की लगेच बरोबर उत्तर सांगू नका. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर १९९१पासून एक पद्धत वापरत आले आहेत. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आली की विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि मग पुन्हा मत द्यायचं. सुरुवातीला त्यांच्याकडे क्लिकर नव्हतेच, यावरून यंत्राचा वाटा किती ते कळेल. तासाला तीन-चार प्रश्न पुष्कळ झाले. वीस विचारलेत तर बोलायला वेळ कुठून उरणार?

तेच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले होते. एक त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त लक्षात होता. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेल्यातलं सुमारे ५६ टक्के लक्षात राहिलं होतं, तर पुन्हा वाचलेल्यातलं ४२. त्याच दिवशीच्या आलेखावर खूश होऊन अहवाल लिहिणाऱ्यांनी हे वाचावं.

प्रश्न : आमच्याकडे क्लिकर नाहीत. मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून हेच करता येईल का? खर्च वाचेल.

उत्तर : येईल, आणि काल्पनिक प्रसंगांवरच्या प्रश्नांना ते छान चालतं. मात्र तसे पोल बहुतेक बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात, म्हणून चालू तपासातला तपशील, फिर्यादीचं नाव, घटनास्थळाचा फोटो यांपैकी काहीही प्रश्नात घालू नका. लॉगिन किंवा नाव न मागणारा पोल निवडा. नाहीतर वर लिहिलेलं सगळं फुकट. रेडिओलहरींवर चालणाऱ्या क्लिकरला इंटरनेट लागत नाही, संगणकाला जोडलेला रिसीव्हर पुरतो. जिथे वर्गाबाहेर मोबाइल जमा करायचा नियम आहे तिथे क्लिकरच बरा. फक्त सेल आदल्या दिवशी तपासा.