इमॅटिनिब चालेनाशी झाली, ट्रायलची गोळी घ्यावी का?

ऐरोलीच्या ताई, तुमचा प्रश्न असा आहे की बाबांना सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) आहे, इमॅटिनिबच्या गोळीवर इतकी वर्षं बरं चाललं होतं, आता रक्ताच्या तपासणीत बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराची खूण, वर चढतंय आणि डॉक्टर खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राला, ट्रायलसाठी पाठवतायत. मामा म्हणतात, आपल्या माणसाचा उंदीर करायचा नाही. मीही ठाण्यातला सीएमएलचा जुना पेशंट, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामांना एवढंच सांगा की इमॅटिनिबही 1998 मध्ये ट्रायलमध्येच होती. तेव्हा तिला एसटीआय-571 म्हणायचे. मंजुरी मिळाली 2001 मध्ये.

पण त्याआधी घरातलं कपाट उघडा. आमच्या वर्तकनगरच्या एका काकांचा रिपोर्ट असाच बिघडला, तर कपड्यांच्या घडीखाली न फोडलेल्या स्ट्रिपा निघाल्या. पायात गोळे येतात म्हणून काका गुपचूप गोळी टाळत होते! टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तरी इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण घसरतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे काही नसेल तर म्युटेशनची (आजाराच्या जनुकात झालेल्या बदलाची) तपासणी झाली का ते बघा. सगळं गाडं तिथे अडतं. इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब या तिन्ही गोळ्या आजार चालवणाऱ्या बीसीआर-एबीएल या बिघडलेल्या प्रथिनाच्या एकाच खाचेत बसतात. टी315आय म्युटेशन असेल तर नेमकी ती खाचच बदलते, तिघींपैकी एकही बसत नाही. डोस वाढवून काही होत नाही. पोनॅटिनिब बसते, पण रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका असतो; बाबांना बीपी, शुगर किंवा हृदयाचं दुखणं असेल तर तो आणखी मोठा. असिमिनिब त्या खाचेच्या वाटेलाच जात नाही, प्रथिनावर दुसरीकडे असलेला खळगा धरते. तिला अमेरिकेत 2021 मध्ये मंजुरी मिळाली. बाबांची ट्रायलची गोळी कुठल्या जातीची, हे सरळ विचारा.

फेज कुठली तेही विचारा. पहिल्या फेजमध्ये मुख्यतः डोस किती झेपतो ते पाहतात. तिसऱ्यात नवी गोळी मिळेलच असं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं वाटप होतं. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, मामांनाही वाचू द्या. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई 2019 च्या नियमांत आहे. मधेच सोडायचीही मुभा असते. ट्रायल संपल्यावर गोळी कोण देणार, हे मात्र लेखी घ्या. बहुतेक घरं इथेच गाफील राहतात.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर ऐरोलीहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते, पुढे रिक्षा. रक्त द्यायला वारंवार बोलावतात, तेव्हा सुट्ट्यांचं आधीच ठरवा. आणि काही गोळ्या उपाशीपोटी लागतात. असिमिनिबला आधी दोन तास, नंतर एक तास काही खायचं नाही, म्हणजे बाबांच्या सकाळच्या चहा-बिस्किटाची वेळ पहिल्या दिवसापासून बदलावी लागेल.